तीन संधिवात, एक स्वयंपाकघर

पत्र: डॉक्टर, मी ४६ वर्षांची, संगमनेरला शाळेत शिकवते. दिवाळीनंतर दोन्ही हातांची बोटं सुजायला लागली. तपासण्या झाल्या, आमवात (रुमेटॉइड आर्थ्रायटिस) निघाला, रक्तातली ‘अँटी-सीसीपी’ तपासणी पॉझिटिव्ह. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज सल्फासलाझिन सुरू झालं. उतार पडत होता, पण मेथोट्रेक्सेटच्या दुसऱ्या दिवशी इतकं मळमळायचं की वर्गात उभं राहवत नसे. तेवढ्यात जाऊबाईंनी एका आहारवर्गाचं सांगितलं. त्यांचं म्हणणं, संधिवात आतड्यात सुरू होतो, आतडी दुरुस्त केली की गोळ्या लागत नाहीत. नव्वद दिवसांचं पॅकेज घेतलं. गहू, दूध, दही, तूरडाळ, वांगं, बटाटा, टोमॅटो, आंबट सगळं बंद. सकाळी हळदीचं पाणी, रात्री एक चूर्ण. पहिले पंधरा दिवस फार हलकं वाटलं, म्हणून दोन्ही गोळ्या सोडल्या. त्याला सहा आठवडे झाले. वजन सात किलोने उतरलंय आणि सकाळी दीड तास मूठ वळत नाही. शिवाय सासूबाईंचे गुडघे दुखतात. यजमानांचं युरिक ॲसिड वाढलंय, पायाचा अंगठा दोनदा सुजला, म्हणून त्यांचं वरण बंद केलंय. तिघांची पथ्यं वेगळी, म्हणून मी रोज तीन स्वयंपाक करते. पोटाचा आणि सांध्यांचा खरंच संबंध असतो का? आणि आम्ही खायचं तरी काय? ता.क. हिरड्यांतून अधूनमधून रक्त येतं, पण ते वेगळं. सासूबाई विचारतात, लोणचं चालेल का?

ताई,

प्रश्नांकडे येतोच, पण आधी एक काम. उद्या शाळेत जाण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांना फोन करा आणि याच आठवड्यातली वेळ घ्या. कपाटात उरलेल्या गोळ्या मनाने सुरू करू नका. आधी रक्तातल्या पेशी, यकृत आणि मूत्रपिंड तपासू द्या, मग डोस ते ठरवतील. जाताना ते चूर्ण पुडीसकट बरोबर न्या.

घाई अशासाठी की सकाळी दीड तास मूठ वळत नाही म्हणजे सांध्याच्या अस्तराची सूज पुन्हा पेटलेली आहे. ती नुसती दुखत नाही, शेजारची कूर्चा आणि हाड कुरतडते. बरंचसं नुकसान पहिल्या एक-दोन वर्षांत होऊन जातं, आणि कुरतडलेलं हाड ना गोळीने भरून येतं ना काढ्याने. माझ्याकडे अजूनही असे हात येतात, बोटं करंगळीकडे कललेली, पेला दोन्ही तळव्यांत धरावा लागणारी. त्या बायकांना औषध मिळालं तोवर फार उशीर झाला होता. तुम्हाला ते वेळेवर मिळालं होतं.

रागावत नाही मी. गोळ्या सोडण्याचं खरं कारण तुमच्या पत्रातच आहे, आणि ते जाऊबाई नव्हेत. ती मळमळ आहे. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या कितीतरी जणींना ती होते, आणि बहुतेक जणी ते डॉक्टरांना सांगत नाहीत. ‘औषध मानवत नाही’ असं परस्पर ठरवतात आणि गप्प बसतात. सांगितलं असतं तर उपाय होते: गोळ्या रात्रीच्या जेवणानंतर घेणं, त्याच दिवशी दोन वेळांत विभागणं, जोडीच्या फॉलिक ॲसिडचं प्रमाण बदलणं, नाहीतर तेच औषध पोटाच्या त्वचेखाली इंजेक्शनने घेणं. इंजेक्शनने कित्येकींची मळमळ कमी होते. यातलं तुम्हाला काय लागू पडेल ते डॉक्टर ठरवतील, पण तक्रार शब्दांत तुम्हीच मांडायची. एक मात्र कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. चुकून रोज घेतल्याने लोकांचे जीव गेले आहेत.

आता संबंधाचं. संबंध आहे. आपल्याकडे तर तो रोगाच्या नावातच बसलाय. आमवातातला ‘आम’ म्हणजे नीट न पचलेलं. माधवनिदान या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथात हा विकार स्वतंत्रपणे वर्णिलेला आहे, म्हणजे हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या वैद्यांनी मंद झालेला अग्नी आणि सुजलेले सांधे एकाच रोग्यात पाहून ठेवले होते. ते निरीक्षण मला मोलाचं वाटतं. निरीक्षण अचूक असलं म्हणून त्यावरून निघालेला प्रत्येक उपाय बरोबर, असं मात्र नसतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये अर्बथनॉट लेन नावाचे नामांकित शल्यविशारद होते. बद्धकोष्ठामुळे आतड्यात साठलेलं विष शरीरभर पसरतं आणि त्यातून नाना रोग होतात, अशी त्यांची खात्री होती, आणि त्यापायी ते रोग्यांचं मोठं आतडंच कापून काढत. त्याच सुमारास संधिवातासाठी धडधाकट दात उपटण्याचीही लाट आली होती. ‘आतडी साफ करा, सांधे सुटतील’ हे वाक्य आज मोबाइलवर आलं म्हणून नवं नाही. तेव्हा त्याची किंमत आतडं देऊन चुकवावी लागे, आता पॅकेज घेऊन.

याच्या पुढची गोष्ट तुमच्या औषधाच्या डब्यातली आहे. १९३०च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये नान्ना स्वार्त्झ या डॉक्टर बाई आमवातामागे जिवाणूंचा संसर्ग असावा असं धरून औषध शोधत होत्या. एका औषध कंपनीबरोबर त्यांनी जंतुनाशक सल्फा आणि सॅलिसिलेट, म्हणजे ॲस्पिरिनच्या कुळातला दाहशामक, यांची सांगड घातलेला एकच रेणू तयार करून घेतला. तेच सल्फासलाझिन. तोंडाने घेतल्यावर ते बरंचसं तसंच मोठ्या आतड्यापर्यंत जातं, आणि तिथले जिवाणू त्याची गाठ सोडून दोन भाग सुटे करतात. तुम्ही आतड्यांच्या दुरुस्तीसाठी जी गोळी सोडलीत, ती आतड्यातल्या जिवाणूंच्या मदतीवाचून चालतच नाही. (हिने लघवी नारिंगी होते म्हणूनही काही जणी घाबरून सोडतात. तो नुसता रंग असतो.)

पोट आणि सांधे यांचं सगळ्यात उघड नातं डॉक्टरांना जुलाबांनंतर दिसतं. साल्मोनेला, शिगेला असे जंतू पोटात जाऊन जुलाब होतात, बरे होतात, आणि एक ते चार आठवड्यांनी गुडघा किंवा घोटा टरारून सुजतो. सांध्यातलं पाणी तपासलं तर त्यात जिवंत जंतू सापडत नाही. लढाई आतड्यात झाली, पण चवताळलेली प्रतिकारशक्ती सांध्यात जाऊन धडकली. पाठीचा मणका आखडवणाऱ्या अँकायलोझिंग स्पाँडिलायटिसच्या रोग्यांतही, पोटाची काही तक्रार नसताना, आतड्याच्या अस्तरात सूक्ष्म सूज वारंवार आढळते.

तुमच्या आमवाताचं कोडं जास्त अवघड आहे. २०१३ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी नव्याने आमवात झालेल्या, अजून औषध न घेतलेल्या ४४ जणांचं शौच तपासलं. त्यांच्यापैकी शंभरी ७५ जणांत ‘प्रेव्होटेला कोप्री’ हा जिवाणू सापडला. निरोगी लोकांत तो शंभरी २१ जणांतच होता. हे वाचलं की वाटतं, सापडला चोर! पण थांबा. प्रेव्होटेला हा भाजी-भाकरीवर जगणाऱ्या माणसांच्या पोटातला नेहमीचा रहिवासी आहे. भारतातल्या ठणठणीत माणसांतही तो भरपूर असतो. मग तो गुन्हेगार, साक्षीदार, की नुसता शेजारी? २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोराडोच्या गटाने दुसराच एक जिवाणू उंदरांच्या पोटात सोडला आणि त्यांचे पंजे सुजले. म्हणजे संशय घ्यायला जागा आहे, पण आज कुठलाही संधिवाततज्ज्ञ शौचाच्या अहवालावरून तुमचं औषध ठरवू शकत नाही. हजारो रुपयांच्या त्या ‘आतड्याच्या तपासण्या’ करू नका. त्या पैशांत वर्षभराचं मेथोट्रेक्सेट येतं.

हिरड्यांतलं रक्त तुम्ही ‘ते वेगळं’ म्हणून ताजा कलममध्ये टाकलंत. तुमच्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला धागा तोच. पोटाची सुरुवात तोंडापासून होते. सुजलेल्या हिरड्यांत राहणाऱ्या एका जिवाणूकडे (पोर्फिरोमोनस जिंजिव्हॅलिस त्याचं नाव, पाठ करू नका) एक विकर (एन्झाइम) असतं. ते प्रथिनांमध्ये एक बारीक बदल करतं, आणि असाच बदल झालेल्या प्रथिनांविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्यं म्हणजे तुमच्या रिपोर्टमधलं ‘अँटी-सीसीपी’. हिरड्यांच्या रोगाने आमवात होतोच असं नाही, पण दोन्ही एकमेकांच्या आसपास वावरतात हे पुष्कळ ठिकाणी दिसलंय. तेव्हा आतड्यांच्या पॅकेजआधी दंतवैद्याकडून दात साफ करून घ्या. घरात कुणी मिश्री लावत असेल किंवा बिडी-सिगारेट ओढत असेल तर तेही बंद. आमवाताचा धोका वाढवणाऱ्या, हमखास टाळता येण्याजोग्या गोष्टींत धूम्रपानाचा नंबर पहिला लागतो.

आता ते पंधरा दिवस. तुम्हाला हलकं वाटलं हे खोटं नव्हतं. लंघनाने सांध्यांची सूज तात्पुरती उतरते, हे मोजून पाहिलेलं आहे. १९९१ साली नॉर्वेमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात आमवाताच्या ५३ रोग्यांपैकी २७ जणांना सात ते दहा दिवस जवळपास उपाशी ठेवलं, फक्त रस, भाज्यांचं सार, काढे. नंतर साडेतीन महिने दूध-गहू वर्ज्य असा शाकाहार, पुढे दुधासह शाकाहार. दुखरे आणि सुजलेले सांधे कमी झाले आणि वर्षभराने पाहिलं तेव्हाही पुष्कळ जणांचा फायदा टिकला होता. मी हा प्रयोग मनापासून मानतो. पण माणसं मोजकी होती, आणि आपण पथ्यावर आहोत हे प्रत्येकाला ठाऊक होतं. दुखणं मोजताना त्या ठाऊक असण्याचाही हात लागतो. नुसत्या उपासाचा गुण तर नेहमीच्या जेवणाबरोबर ओसरतो.

तुमच्या बाबतीत आणखी एक गंमत झाली. मेथोट्रेक्सेटचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. तुम्ही पॅकेज घेतलंत तेव्हा गोळ्या नुकत्या कुठे रंगात आल्या होत्या, आणि ते पंधरा दिवस तुम्ही त्या घेतही होतात. सोडल्यावरही त्यांचा असर काही आठवडे रेंगाळतो. राबल्या गोळ्या, हारतुरे पथ्याला. ते चूर्ण मात्र माझ्या मनात खुपतंय. नाव-गाव, घटक न छापलेल्या सांधेदुखीच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा पकडलं गेलंय, आणि काहींत शिसं-पारा. तुमच्यात ते असेलच असं मी म्हणत नाही. पण इतके आठवडे रोज घेतलंय, त्यामुळे ते कधी आणि कसं थांबवायचं तेही डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. स्टेरॉइड असेल तर एकदम तोडल्याने शरीर कोसळू शकतं. म्हणून आधी सांगितलं, पुडी बरोबर न्या.

जे सात किलो उतरले त्यात चरबी किती आणि मांस किती? आमवाताची सूज तशीही स्नायू खाते. त्यात तुम्ही डाळ, दूध, दही एका दमात सोडलंत. चाळिशी उलटलेल्या, पाळी जाण्याच्या वयाला आलेल्या बाईने दूधदुभतं बंद करायचं म्हणजे हाडांशीही वैर. हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व या तपासण्या आताच्या रक्ताबरोबर करून घ्या.

वर्ज्य पदार्थांची यादी एकेक सोडवू. वांगं, बटाटा, टोमॅटो एकाच कुळातले, आणि या कुळाने सांधे दुखतात ही समजूत जगभर आहे, पण तिला भक्कम पुरावा मिळालेला नाही. आपल्याकडे वांग्याला वातूळ म्हणतातच. पण ताई, आपण मराठी माणसं हा प्रयोग दरवर्षी करतो! चातुर्मास पाळणाऱ्या कितीतरी घरांत आषाढी एकादशीपासून वांगं बंद असतं ते थेट चंपाषष्ठीला खंडोबाच्या भरीत-रोडग्यापर्यंत. तुमच्या घरी पाळत असाल तर सासूबाईंना विचारा, त्या महिन्यांत गुडघे शांत असतात का? बहुधा त्या म्हणतील, श्रावणात तर जास्तच धरतात. पावसाळी हवेला बोल लावायचा की वांग्याला, याचा निकाल अशा आठवणींतून लागत नाही, म्हणून तो वहीतून लावायचा. वाटत असेल अमुक पदार्थाने दुखतं, तर तो एकच तीन आठवडे सोडा. रोज सकाळी उठल्यापासून खडू नीट धरता येईपर्यंत किती मिनिटं गेली ते लिहा. मग तो पदार्थ पुन्हा खा आणि लिहीत राहा. दोनदा तसंच घडलं तर सोडा, माझी हरकत नाही. मात्र हा प्रयोग औषध चालू असताना आणि रोग आटोक्यात आल्यावर करायचा. आमवात आपणहूनही चढतो-उतरतो. आग भडकलेली असताना एकेक काडी कुठली ते ओळखू येत नाही.

गहू सोडून ज्वारी-बाजरी खाण्यात काही बिघडत नाही, उलट छानच. गव्हाने पोट फुगतं, जुलाब होतात, हिमोग्लोबिन काही केल्या वाढत नाही, असं असेल तर सीलिअॅकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होणाऱ्या रोगाची, रक्ततपासणी करावी, आणि ती गहू खात असतानाच करावी, नाहीतर निकाल फसवतो. हळद रोजच्या फोडणीत हवीच. पण तिच्यातला कर्क्युमिन शरीरात फारसा शोषला जात नाही. मिऱ्यातल्या पायपरीनने तो कितीतरी पट जास्त शोषला जातो, असं १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी दाखवलं. यावरूनच हळद-मिरीच्या कॅप्सूलचा बाजार बहरला, आणि अशा कॅप्सूलने यकृताला इजा झालेले रोगीही आले. मेथोट्रेक्सेटही यकृतावर नजर ठेवून द्यावं लागतं. तेव्हा हळद डब्यातली, बाटलीतली नको.

आता घरातल्या उरलेल्या दोघांचं. १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये घरोघर जाऊन सांधेदुखीची मोठी पाहणी झाली, चार हजारांवर प्रौढ माणसांची. शंभरातल्या अठरा जणांना सांध्या-स्नायूंची काही ना काही दुखणी होती. त्यात झिजेचा संधिवात शंभरी सहाच्या आसपास, आणि तुमचा आमवात शंभरी जेमतेम अर्धा. या आकड्यांत तुमच्या सगळ्या गोंधळाचं मूळ आहे. तुम्हाला जी बाई म्हणते, ‘मला मेथीच्या लाडवाने गुण आला’, तिला बहुतेक वेळा तुमचा रोग नसतोच. मराठीत आपण सगळ्याला ‘संधिवात’ म्हणतो आणि मग एकीचं पथ्य दुसरीच्या ताटात जाऊन पडतं.

सासूबाईंची झीज आहे. तिथे आतड्यातल्या जिवाणूंवर डोकं शिणवू नका, वजनाच्या काट्याकडे बघा. गुडघ्याच्या झिजेत एक किलो वजन उतरलं की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने उतरतो. अमेरिकेत ४५४ जणांना दीड वर्ष पाहिलं तेव्हा नुसतं खाणं किंवा नुसता व्यायाम यांपेक्षा दोन्ही मिळून करणाऱ्यांचं दुखणं जास्त कमी झालं. त्या सोमवार, गुरुवार आणि एकादशी धरत असतील तर त्या दिवशी ताटात काय असतं ते पाहा. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वर शेंगदाण्याचा लाडू. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण उगीच पडलेली नाही. उपास मोडायला सांगू नका, ऐकायच्या नाहीत. भगर, दह्यातली काकडी, राजगिरा, एखादं फळ असा तो वळवा. आणि खुर्चीवर बसून पाय सरळ उचलून धरण्याचा व्यायाम मांडीचा स्नायू मजबूत करतो. तो भौतिकोपचारतज्ज्ञांकडून एकदा शिकून घ्या.

यजमानांना गाऊट दिसतोय, म्हणजे वातरक्त. नुसतं युरिक ॲसिड वाढलेलं असणं आणि अंगठा सुजणं यांत फरक आहे, पण त्यांचा अंगठा दोनदा सुजलाय. त्यांचं वरण बंद केलंत ते मला अजिबात पटलं नाही. ४७ हजार पुरुषांना बारा वर्षं पाहणाऱ्या अमेरिकी अभ्यासाचा निकाल २००४ साली आला: मटण आणि मासळी जास्त खाणाऱ्यांना गाऊट जास्त झाला, डाळी-पालेभाज्यांतल्या प्युरीनने (ज्यापासून शरीरात युरिक ॲसिड बनतं) तो वाढला नाही, दूध-दह्याने तर कमी झाला. तेव्हा वरण, मुगाची उसळ, पालक, ताक सुरू करा. बंद करायचं ते रविवारच्या मटणाबरोबरची कलेजी, बिअर आणि बाटलीतली गोड पेयं. पाणी भरपूर. पोटाचा संबंध इथेही आहे. युरिक ॲसिडचा साधारण तिसरा हिस्सा मूत्रपिंडातून न जाता आतड्यातून बाहेर पडतो आणि तिथले जिवाणू तो मोडतात. पण नुसत्या पथ्याने हा आकडा थोडाच उतरतो. झटके परत परत येणाऱ्याला बहुतेकदा युरिक ॲसिड उतरवणारी अॅलोप्युरिनॉलसारखी गोळी लागते, आणि ती ‘अंगठा बरा झाला’ म्हणून सोडायची नसते. तुमच्या घरात ही सवय एकट्या तुमचीच नसावी, असा माझा अंदाज आहे.

मग रोज तीन स्वयंपाक कशाला? एकच करा. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, वरण किंवा मोड आलेल्या मटकीची उसळ, एक पालेभाजी, कोशिंबीर, जवसाची किंवा कारळ्याची चटणी, वाटीभर ताक. यातला चोथा लहान आतड्यात पचत नाही. तो मोठ्या आतड्यात पोहोचतो, तिथले जिवाणू त्यावर जगतात आणि त्याबदल्यात ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. त्यांवर आतड्याचं अस्तर पोसलं जातं, आणि ती प्रतिकारशक्तीलाही थोडं सबुरीने घ्यायला लावतात. पॅकेजमधल्या पावडरीला हे काम जमत नाही, मटकीला जमतं. फक्त इतके आठवडे डाळ नव्हती, त्यामुळे पहिल्याच दिवशी वाडगाभर उसळ खाल्लीत तर पोट गुबारेल. चार-चार चमच्यांनी वाढवा.

ताक आणि दही घरी लावलेलंच घ्या. २०२१ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ३६ निरोगी माणसांवर दहा आठवडे पाहिलं. आंबवलेले पदार्थ भरपूर खाणाऱ्यांच्या पोटातले जिवाणू अधिक तऱ्हेतऱ्हेचे झाले आणि रक्तातली सूज दाखवणारी १९ प्रथिनं कमी झाली. ती माणसं निरोगी होती, तुमच्यासारखी रोगी नव्हती, तेव्हा मी त्याला औषध म्हणणार नाही. पण वाटीभर ताकाला औषधाचा दाखला कशाला हवा? कढी, इडली, ढोकळा हेही खुशाल खा. शिजवताना त्यांतले जिवाणू मरतात, एवढंच. ‘आंबटाने सांधे आखडतात’ हे मी हजारदा ऐकलंय, अजून कुणाच्या वहीत पाहिलेलं नाही.

मासे खात असाल तर तुम्ही आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली खा. माशांच्या तेलातल्या ओमेगा-३ ने आमवातातलं दुखणं आणि सकाळचा आखडलेपणा काहीसा कमी होतो, पण प्रयोगांतली मात्रा दिवसाला तीन ग्रॅमच्या आसपास असते. तेवढी ताटातून मिळत नाही, आणि मिळाली तरी ती औषधाच्या जोडीला. जवसातलं ओमेगा-३ शरीर फारच थोडं उपयोगात आणतं; तरी चटणी चवीला छान लागते, चोथाही मिळतो. त्या दिवशी यजमानांना मात्र बांगड्याचा एकच तुकडा वाढा, बाकी ताट सारखंच.

ॲसिडिटीची गोळी रोज घेता का ते तुम्ही लिहिलं नाही. वेदनाशामकांबरोबर ती अनेकांना दिली जाते आणि मग वर्षानुवर्षं चालूच राहते. तिनेही आतड्यातले जिवाणू बदलतात, आणि गरज नसताना घेतलेल्या अँटिबायोटिकने तर फारच. चिठ्ठीवरची प्रत्येक गोळी अजून लागते का, हे या भेटीत विचारून घ्या.

राहिलं लोणचं. सासूबाईंना सांगा, चालेल. कैरीच्या आंबटपणाचा गुडघ्याशी काही वाद नाही. मीठ खूप असतं, त्यामुळे रक्तदाब असेल तर एक फोड, खार निथळून. तुम्हीही घ्या, सोडू नका; इतक्या दिवसांनी वरणभाताबरोबर बरी लागेल.